मी सांगितलेलं स्वप्न

१८ नोव्हेंबर, सोमवार

रहिमा आज सकाळच्या गाडीनं पनवेलला परत गेली. जाताना ही डायरी माझ्या हातात ठेवली. जावयाच्या ऑफिसात मिळालेली, वर्ष संपत आलं तरी सगळी कोरी. म्हणाली, "अम्मी, रोज चार ओळी लिहीत जा. तू काही बोलत नाहीस आणि मग भांडी आपटतेस."

मी आपटत नाही. भांडी जड आहेत.

काय लिहायचं? खाडीकाठी, राजिवड्यात राहते. नवरा जहाजावर इंजिनखात्यात होता, सगळी उमर आखातात गेली. वर्षाला महिना-दोन महिने घरी. तेवढ्यात लग्न झालं, रहिमा झाली, घराचा पाया घातला. बाकी सगळं मी एकटीनं केलं आणि चांगलं केलं. आता हे कायमचे घरी आलेत. साखरेनं डोळ्यांचे पडदे गेले. कोल्हापूरला दोनदा लेझर झालं, पुढं डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं सांभाळा. आहे तेवढं म्हणजे खिडकी कुठं आहे ते कळतं. माणूस कळत नाही.

हे लिहिते आहे तेव्हा ते समोरच बसलेत. "काय लिहितंस?" म्हणून विचारलं.

"वाणसामान," म्हटलं.

२० नोव्हेंबर, बुधवार

दमले. "नबीला, पाणी." "नबीला, कोण आलं?" "नबीला, पंखा." पंख्याचं बटण त्यांच्या हाताशी आहे. इतकी वर्षं या घरात मला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. तेव्हा वाटायचं, कुणीतरी मारावी.

बाहेर चला म्हटलं तर नको. काठी घ्या म्हटलं तर आवाज चढतो. "आंधळ्याची काठी घेऊन राजिवड्यातनं फिरू? लोक म्हणतील, अली दर्यावर गेला तो हा असा परत आला." शुक्रवारी नमाजाला तहाभाय हात धरून नेतात तेवढंच. तहाभाय यांच्याच जहाजावर होते, आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहतात.

एकच गोष्ट बरी चालते, ती टीव्हीवरची 'बंद बंदर'. रात्री लागते तेव्हा हे गोळ्या घेऊन झोपलेले असतात, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर आम्ही रिपीट बघतो. बघतो म्हणजे मी बघते आणि सांगते. एका बंदरावरच्या शाळेतल्या गोदाबाई नाहीशा झाल्यात आणि पूर्वी नावाची तरुण इन्स्पेक्टर त्यांचा शोध घेतेय. बोलणं यांना ऐकू येतंच. मधल्या मुक्या जागा मी भरायच्या. "आता कुठं बघतेय ती? हातात काय हाय? दार उघडं हाय की लोटलेलं?" मला वैताग येतो. एवढं सगळं बघत कोण बसतं!

२७ नोव्हेंबर, बुधवार

पहाटे यांची साखर उतरली. अंग घामानं निथळत होतं, दात वाजत होते. साखरेचं पाणी पाजून तासभर मांडीवर डोकं घेऊन बसले. मग झोप कसली? चादरी, उशांचे अभ्रे, सगळं धुवायला काढलं. दुपारी जेवून टीव्हीसमोर टेकले आणि कधी डोळा लागला ते कळलंच नाही.

जाग आली ती यांच्या आवाजानं. "हं, आता सांग."

टीव्हीवर साबणाची जाहिरात चालली होती. "काय सांगू?"

"त्या इन्स्पेक्टरचं स्वप्न गो. ती झोपली, मग नुसतं पाणी नि बासरी वाजत होती. कोण एक शब्द बोललं नाय. मी पण मधे तोंड घातलं नाय. म्हटलं, तू नीट बघून घे."

चेहरा माझ्याकडे वळवून बसले होते. मला झोप लागली, एवढंच म्हणायचं होतं. पण परवा म्हणाले होते, "तुझे डोळे हायत तरी मिटून बसतंस." ते आठवलं आणि मी बोलायला सुरुवात केली.

म्हटलं, पूर्वी एका घरात आहे. घर खाडीत आहे, ओहोटी लागलीय. सगळ्या खोल्यांतून दोऱ्या बांधल्यात आणि दोऱ्यांवर ओलं धुणं. ती पिळते, वाळत घालते, परत काढून पिळते. काही केल्या वाळत नाही.

"मग?"

"मग आतून कुणीतरी तिला हाका मारतंय."

"हाका? मला नाय ऐकू आल्या."

"आवाज नव्हता. तिच्या तोंडावरून कळत होतं."

"कोण मारत होता?"

"दिसला नाही. ती दारातून बाहेर पडते. बाहेर चिखल. पाय घोट्यापर्यंत आत जातात. लांब एक एस्टी उभी आहे, दिवे लावलेली, आत कुणी नाही. ड्रायव्हर हिच्यासाठी थांबलाय."

"ती चढते?"

"नाही. तिथंच उभी राहते. गाडी निघून जाते."

"रडते काय?"

"नाही. तिला बरं वाटतं. पाय गार झाले म्हणून."

हे सगळं कुठून आलं ते माझं मलाच माहीत नाही. यांनी चाचपून रिमोट घेतला आणि जाहिरातीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "भारी दाखवलंन."

२८ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळपासून यांचं तेच चाललंय. मी भाकऱ्या थापत होते आणि हे स्वयंपाकघरात स्टुलावर येऊन बसले. असे कधी बसत नाहीत.

"धुणं म्हणजे पुरावा. कोणतरी धुतोय, पण डाग जात नाय. बरोबर?"

"असेल."

"आणि हाका मारणारा घरातलाच. बाहेरचा माणूस आतनं कशाला हाक मारील? गोदाबाईंना घरच्याच कुणीतरी कोंडून ठेवलाय, बघ तू."

खरं सांगायचं तर बरं वाटलं. पाणी आणि पंखा सोडून कित्येक दिवसांत दुसरं काही बोलले.

पण ते आंघोळीला गेले तेव्हा मोबाइलवर तो भाग लावून बघितला. शाळेचा वर्ग. गुडघाभर पाणी, बाकं तरंगतायत. फळा कोरा. छताला पोपटाचा पिंजरा टांगलेला, आत पोपट नाही, खडू भरलेत. पूर्वी दार उघडते आणि खडू पाण्यात पडतात. संपलं. घर नाही, धुणं नाही, एस्टी तर नाहीच.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

तहाभाय यांना न्यायला आले आणि ओटीवरूनच म्हणाले, "अलीभाय, त्या पिंजऱ्याचं काय वाटतं तुला?" नशीब, हे आत टोपी शोधत होते. मी तहाभायना खुणेनं मागच्या दारी बोलावलं आणि खरं काय ते सांगितलं. आधी हसले. मग मी काय काय सांगितलं होतं ते ऐकलं आणि हसायचे थांबले.

"धुणं?" म्हणाले.

"तोंडाला आलं ते सांगितलं हो. तुम्ही काही बोलू नका."

"मी कशाला बोलू?" म्हणाले. जाताना माझ्याकडे बघून, "भाभी, तुम्ही जेवता ना वेळेवर?" हे काय मधेच!

२ डिसेंबर, सोमवार

आज मेलेच होते. पूर्वी हवालदाराला चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "स्वप्नात फळा कोरा होता. आणि पिंजऱ्यात खडू होते." पुढं दोघं त्या पिंजऱ्यावर पाच मिनिटं बोलत बसले. धुण्याचं नाव नाही.

मी यांच्याकडे चोरून बघितलं. खिडकीकडे तोंड करून बसले होते. जाहिरात लागली, संपली. मग म्हणाले, "पुढं काय दाखवतात?"

लक्षात आलं नसावं. हल्ली त्यांचं ऐकण्यातही लक्ष नसतं. अल्लाची मेहेरबानी.

४ डिसेंबर, बुधवार

जेवताना एकदम विचारलं, "त्या एस्टीला पाटी होती काय गो?"

"कुठल्या एस्टीला?"

"स्वप्नातल्या."

"असेल की."

"कुठली? नीट आठव."

काहीतरी सांगायला हवं म्हणून "पावस" म्हटलं. पावसला माझी धाकटी बहीण सकीना असते. आधी दोन-तीन महिन्यांतून माझी एक फेरी व्हायची. हे घरी आल्यापासून गेले नाही.

"भाट्याच्या पुलावरनं जाते ती?"

"हो, तीच."

"गाडी रिकामी होती म्हणालीस. म्हणजे बसायला जागा मिळाली असती." आणि भात कालवत बसले.

मला हसू आलं. इन्स्पेक्टर पूर्वी पावसला कशाला जाईल, एवढंही यांच्या डोक्यात आलं नाही.

९ डिसेंबर, सोमवार

आज यांनी स्वतः चहा ओतून घ्यायचं खूळ काढलं. मी नको म्हणत असताना. कपात बोट बुडवून अंदाज घेतला, बोट भाजलं, अर्धा चहा ओट्यावर. पुसायचं काम कुणाचं? माझं. फडकं आपटलं तर म्हणतात, "उद्या कमी सांडंल."

शिवाय रहिमाशी फोनवर ओटीवर जाऊन हळू आवाजात बोलतात. मी गेले की हवापाण्यावर येतात. मला न विचारता पनवेलला न्यायचं दोघांचं ठरतंय असं दिसतं. मी हे घर सोडणार नाही. एकेक चिरा मी समोर उभी राहून बसवून घेतलाय.

लिहिताना परत विचारलं, "काय लिहितंस?"

"वाणसामान."

"खूप लागतं आपल्याला," म्हणाले.

१३ डिसेंबर, शुक्रवार

आठवडाभर तहाभाय रोज सकाळी येतात आणि यांना घेऊन जातात. कुठं, तर "जरा हवेला". इतके दिवस मी म्हणत होते तेव्हा हवा नव्हती. आज परत आले ते नडगीला खरचटून. हळद लावताना बघितलं तर गुडघ्याखाली आणखी दोन निळे डाग, जुने. मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

मी फार बोलले. लिहितेच ते. म्हटलं, "माझ्यापासून लांब पळायचं असेल तर स्पष्ट सांगा. सगळी उमर लांबच होतात, तशी मला सवय आहे."

त्यांनी पाय माझ्या हातातून काढून घेतला नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

तहाभाय आज सकाळी आले ते हातात पांढरी काठी घेऊन. दुमडते ती. यांच्या हातात दिली तर यांनी एका झटक्यात उघडली, जणू नेहमीचीच. नेहमीचीच होती. आठवडाभर मशिदीमागच्या गल्लीत दोघं तेच करत होते. काठी तहाभायच्या घरी ठेवायची आणि मला कळू द्यायचं नाही, असं ठरलेलं.

"आणि लोक?" मी विचारलं.

"लोक दोन दिवस बघतील. मग दमतील."

तहाभाय काहीतरी निमित्त काढून निघून गेले. हे ओटीवर बसले, मलाही बस म्हणाले.

"पिंजरा होता ना स्वप्नात?"

"तहाभायनी सांगितलं?"

"तहा कशाला सांगंल? टीव्हीतच बोलली की ती बाय. मी बहिरा नाय झालो अजून." मग म्हणाले, "पण मला त्याच दिवशी शंका आली होती. त्या पोरीला नवरा नाय, पोर नाय. कपडे पोलिस लायनीतला धोबी धुतो, तूच सांगितलं होतंस मागं. तिच्या स्वप्नात चादरी कुठनं येतील?"

"मला झोप लागली होती हो."

"ठाऊक हाय. घोरत होतीस."

"मग थांबवलं का नाहीत? बोलू दिलंत मला वेड्यासारखं."

यांनी काठी दुमडली, परत उघडली. "तू माझ्याशी इतकं बोललीस कधी, नबीला? मी घरी यायचो, सामानाची पेटी उघडायचो, तू जेवण करायचीस, माझी जायची तारीख यायची. त्या दिवशी तू पयल्यांदाच एवढं बोललीस. मला वाटलं, थांबवू नये."

मी खाली बघत होते. त्यांना दिसत नाही तरी.

"आतनं हाका मारणारा मीच ना?"

"नाही हो. तसं काही नव्हतं मनात."

"मीच. दिवसभर ऐकतो ना मी माझा आवाज."

मग सगळं बाहेर आलं. रहिमाशी बोलून यांनी इन्शुलिनचं पेन मागवून घेतलंय, खटके मोजून स्वतः टोचून घ्यायला शिकलेत. दुपारचं कालवण तहाभायची बायको देईल. तहाभाय रात्री ओटीवर झोपतील. आणि मी सोमवारी सकीनाकडे जायचं, आठ दिवस.

"मी जायचं म्हटलं होतं का?" मला राग आला होता. "मी मागितलं होतं?"

"तू नाय मागितलंस. इन्स्पेक्टरनं मागितलं."

झोपेतून उठून तोंडाला आलं ते सांगितलं, त्यात एवढा अर्थ काढायचा म्हणजे कमाल आहे. तसं म्हणणार होते. पण पिशवी कुठं ठेवलीय ते आठवायला लागले.

१७ डिसेंबर, मंगळवार, पावस

झोपले. उठले, जेवले, परत झोपले.

१८ डिसेंबर, बुधवार

सकीना काही करू देत नाही. सकाळी पोफळीच्या सावलीत खुर्ची टाकून बसवते आणि चहा आणून देते. मी कप घेऊन बसते आणि कप रिकामा झाला तरी उठत नाही. दुपारी "नबीला" असं ऐकू आलं म्हणून दचकून उठले. कुणी नव्हतं. परत डोळा लागेना. गोळी घेतली असेल का? पेनाचे खटके चुकले तर?

रहिमाचा फोन आला. "अम्मी, त्यांना फोन करू नकोस सारखा. त्यांना जमतंय."

मी कुठं सारखा करते? सकाळपासून तीनदा केला.

१९ डिसेंबर, गुरुवार

'बंद बंदर' संपली. काल रात्रीचा शेवटचा भाग सकीना आणि मी दुपारी बघितला. गोदाबाईंचा सख्खा भाऊच निघाला. शाळेची जागा विकायची होती त्याला, म्हणून बहिणीला शेताच्या घरात कोंडून ठेवलेलं. घरचाच माणूस असणार हे यांनी माझ्या खोट्या स्वप्नावरून ओळखलं होतं. आणि तो पिंजरा? शाळेत पोपट पाळलेला होता म्हणे, बाई नाहीशा झाल्यावर उडाला. एवढंच. सकीना म्हणाली, "इतके दिवस पिंजरा पिंजरा करून शेवटी पिंजराच निघाला."

यांना फोन केला. "बघितलात शेवट?"

"तहा सांगत होता. त्याला नाय येत गो सांगायला. 'ती आली, तो गेला.' कुठनं आली, कशी आली, काय नाय."

"जेवलात?"

"जेवलो. तू रहा आरामात."

आवाज बरा होता. बराच बरा होता. मला वाटलं होतं, एकदा तरी विचारतील, कधी येतंस म्हणून.

सकीनाला म्हटलं, उद्या निघते. ती म्हणाली, "आठ दिवस म्हणून आलीस ना?" म्हटलं, झोप झाली माझी.

२० डिसेंबर, शुक्रवार

कळवलं नव्हतं. गल्लीत शिरले तेव्हा जुम्म्याची नमाज कधीच सुटली होती. आमचं दार उघडंच होतं. ओटीवर चप्पल काढली आणि आत भांड्यांचा आवाज आला, म्हणून तिथंच थांबले.

हे स्वयंपाकघरात एकटे होते. ताट ओट्यावर मांडून घेतलं होतं. डाव्या हातानं ताटाची कड धरून उजव्या हातानं भात वाढत होते आणि स्वतःशीच बोलत होते, "भात इकडं... कालवण इकडं... पाणी मागं." तहाभायच्या बायकोनं बांगड्याचं कालवण दिलेलं, ते टोप वाकडा करून ओतायला गेले. निम्मं ताटात, निम्मं ओट्यावरून खाली फरशीवर.

माझा पाय उंबऱ्याच्या आत पडला होता. तो मागं घेतला.

ते खाली बसले. हातानं फरशी चाचपली. मग खुंटीला हात घालून जे हाताला लागलं त्यानं पुसायला लागले. ती माझी ओढणी होती, गेल्या ईदेला घेतलेली, पिस्त्याच्या रंगाची. मी तोंडावर हात ठेवला. त्यांनी चांगली दाबून दाबून फरशी पुसली, परत हात फिरवून बघितला, कोरडी झाली का ते. मग ओढणी नीट घडी करून ओट्यावर ठेवली आणि तिथंच फरशीवर मांडी घालून ताट पुढ्यात घेतलं.

मी बाहेर पायरीवर येऊन बसले, पिशवी मांडीवर घेऊन. भूक लागली होती. पावसहून निघताना काही खाल्लं नव्हतं. गल्लीतून दोघीतिघी गेल्या, त्यांनी हातानंच विचारलं, बाहेर का? मी हातानंच सांगितलं, काही नाही.

आत काटे बाजूला काढत सावकाश जेवण चाललं होतं. मधे एकदा ठसका लागला. मी उठले. पेला उचलल्याचा आवाज आला, तशी बसले. बऱ्याच वेळानं नळ सुरू झाला, ताट विसळल्याचा आवाज आला आणि ते पालथं घातल्याचा.

मग मी चपला घातल्या आणि मुद्दाम फटफट वाजवत ओटीवर आले.

"कोण? नबीला?"

"हो, मीच."

दाराशी आले, एक हात भिंतीला. मी निघाले तेव्हा अंगावर होता तोच सदरा, बटणं मात्र बरोबर लावलेली.

मी विचारलं, "मला जेवायला काही राहिलंय का?"

"हाय की," म्हणाले. "बस. वाढतो."

मी बसले.